सरकत्या नळीचे वंगण



ट्रॉम्बोन नावाच्या विलायती वाद्याच्या नळीला कोणते वंगण लावावे, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात पत्रिका वाचतानाच आले असेल. इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. वंगणाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. त्याचे कारणही उघड आहे. वंगण चांगले असले म्हणजे ते कोणाच्या लक्षातच येत नाही. यंत्र कुरकुरू लागले म्हणजे मग त्याची आठवण होते. मी शाळेत फार शिकलो नाही. आधी फिटरचे काम आणि मग युनियनचे काम, यांत आयुष्य गेले. वाचले ते सार्वजनिक वाचनालयातून. त्यामुळे घासणाऱ्या दोन वस्तूंमध्ये काय असते, या प्रश्नाकडे माझे लक्ष विद्वानांपेक्षा थोडे अधिक गेले असेल, तर ते आपण समजून घ्यावे.

प्रथम वाद्य कसे असते ते सांगतो. ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य. ट्रम्पेटला किंवा कॉर्नेटला तीन कळा असतात. कळ दाबली की हवेला जादा नळीतून वळसा घालावा लागतो आणि सूर उतरतो. ट्रॉम्बोनला अशी कळ मुळात नाही. त्याची नळीच लांब-आखूड होते. दोन समांतर आतल्या नळ्या, आणि त्यांवर इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली बाहेरची नळी. वादक ही बाहेरची नळी उजव्या हाताने पुढे-मागे सरकवतो. तिच्या सात जागा मानलेल्या आहेत. पहिलीपासून सातवीपर्यंतचे अंतर सुमारे दोन फूट भरते. जागेची खूण नळीवर कोठेही केलेली नसते. ती वादकाच्या मनगटात आणि कानात असते.

आता यातली अडचण पाहा. आतली नळी आणि बाहेरची नळी यांमधील फट केसाच्या जाडीच्या हिशोबात मोजावी लागते. फट अधिक ठेवली तर हवा गळते आणि सूर फुटतो. कमी ठेवली तर नळी अडकते. दोन फुटांचा पल्ला डोळ्याचे पाते लवण्याच्या आत गाठून नेमके जागेवर थांबायचे, लगेच परत फिरायचे, आणि हे घटकाभर चालू ठेवायचे. कारखान्यातल्या कोणत्याही मिस्त्रीला हे काम सांगा, तो आधी डोके खाजवील आणि मग विचारील, "तेल कोणते?"

हे वाद्य नवे नव्हे. युरोपात ते पंधराव्या शतकात तयार झाले. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे शहर त्या काळी पितळी वाद्ये घडविणाऱ्यांचे माहेरघर होते. तेथील एरास्मुस श्निट्झर याने 1551 साली घडविलेला ट्रॉम्बोन आजही त्याच शहरातील संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. पितळेचा पत्रा ठोकून, गजावर गुंडाळून, डाग देऊन या नळ्या करीत. यंत्रावर ओढलेली बिनजोडाची नळी तेव्हा कोठली? केवळ हातोडी आणि कानस यांच्या बळावर केसाएवढी फट दोन फूट लांबीवर सारखी राखणारे ते हात कसे असतील, याचा फिटरच्या पोराने विचार केला तर त्याची मान आपोआप लवते.

त्या काळी वंगण म्हणजे प्राण्यांची चरबी किंवा बियांचे तेल, एवढेच जगाला ठाऊक होते. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल लागे. एरंडेल हे मोठे गुणी वंगण आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या एंजिनांनासुद्धा तेच घालीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहसा विरघळत नाही. सुताच्या गिरणीतील चाती हलकी आणि फार वेगाने फिरणारी. तिला एरंडेलासारखे घट्ट तेल चालत नाही. तिच्यासाठी विलायतेत स्पर्म देवमाशाचे पातळ तेल वापरीत. 1859 साली अमेरिकेत पेनसिल्व्हानियात टायटसव्हिल येथे ड्रेकने तेलाची विहीर खणली आणि त्यानंतर खनिज तेल हळूहळू सर्वत्र आले. देवमाशाचा पिच्छा मात्र तरीही बरीच वर्षे सुटला नाही.

सांगायचा मुद्दा असा की, वंगण एक नसते. गाडीच्या आसावर ओझे फार, वेग थोडा, तेथे घट्ट. चातीवर ओझे थोडे, वेग फार, तेथे पातळ. हे गाडीवानाला ठाऊक होते आणि गिरणीतल्या तेलवाल्याला ठाऊक होते. ज्यांना ठाऊक नव्हते असे लोक मी खुर्चीवर बसलेले पाहिले आहेत. मी काम केलेल्या एका कारखान्यात खर्च वाचवायचा म्हणून वंगण घालणाऱ्या दोघा अनुभवी माणसांना दुसऱ्या खात्यात पाठविले आणि सगळ्या यंत्रांसाठी एकाच जातीचे ग्रीस मागविले. सहा महिन्यांत बेअरिंगे जळू लागली. चौकशी झाली ती यंत्रावरच्या कामगारांची!

असो. ट्रॉम्बोनकडे परत येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या वाद्यात एक लहानशी सुधारणा झाली आणि माझ्या मते या साऱ्या कथेतली ती सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तोपर्यंत आतली नळी संपूर्ण लांबीवर बाहेरच्या नळीला चिकटून सरके. आता कारागिरांनी आतल्या नळीचे फक्त खालचे टोक, चार-पाच इंच, किंचित जाड केले आणि बाकीची नळी तेवढ्या मानाने बारीक ठेवली. या जाड भागाला वादक ‘स्टॉकिंग’, म्हणजे पायमोजा, म्हणतात. यामुळे नळ्या घासतात त्या बहुतांशी मोज्याच्या जागी. वाद्य एकदम हलके चालू लागले.

यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. घासणारी जागा कमी केली, घर्षण कमी झाले! पण त्या काळचे शास्त्र तसे सांगत नव्हते. 1699 साली आमोंताँ या फ्रेंच पंडिताने घर्षणाचा नियम मांडला होता. त्याचे म्हणणे असे की, घर्षण ओझ्यावर अवलंबून असते, घासणाऱ्या जागेच्या क्षेत्रफळावर नसते. विटेला आडवी ओढा की उभी ओढा, जोर तेवढाच लागतो. कोरड्या विटेपुरते हे बरोबरच आहे. या नियमाप्रमाणे मोज्याने घर्षण कमी होण्याचे कारण नव्हते. परंतु दोन नळ्यांमध्ये तेलाचा पातळ थर असला म्हणजे खेळ बदलतो. मग धातू धातूवर घासतच नाही; तेलाचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि तेव्हा लागणारा जोर क्षेत्रफळावर व तेलाच्या घट्टपणावर अवलंबून राहतो. बेअरिंगच्या बाबतीत हे गणित निकोलाय पेट्रॉव्ह या रशियन इंजिनियराने 1883 साली मांडले. वाद्य घडविणाऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधी मोजा चढवून टाकला होता. त्यांना पेट्रॉव्ह माहीत नव्हता. त्यांना हाताला लागणारा जोर माहीत होता.

त्याच 1883 सालची दुसरी गोष्ट तर नाटकात शोभावी अशी आहे. इंग्लंडात यांत्रिक इंजिनियरांच्या संस्थेने बोशां टॉवर या गृहस्थाकडे आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगचे प्रयोग सोपविले होते. आस खालून तेलात बुडालेला आणि वर पितळेचे अर्धे बेअरिंग, अशी मांडणी. टॉवरने वरून तेल सोडण्यासाठी बेअरिंगला माथ्यावर भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, बूच उडाले. लाकडाची खुंटी ठोकली. तीही बाहेर ढकलली गेली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक बसविला. काटा दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पार गेला! म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेलाला फटीत ओढून घेत होता आणि त्या तेलाच्या दाबावर सारे ओझे तरंगत होते. पुढे 1886 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित सोडविले. आज तेलाच्या थरावर चालणारी सारी मोठी बेअरिंगे त्या गणितावर उभी आहेत.

येथे एका माणसाचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. एलायजा मॅकॉय हा गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेल्या काळ्या आईबापांचा मुलगा. स्कॉटलंडात तो यंत्रविद्या शिकला. अमेरिकेत परतला तेव्हा त्याच्या कातडीकडे पाहून रेल्वेने त्याला इंजिनियराचे काम दिले नाही. कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे दिले. गाडी वारंवार थांबवायची, उतरून तेल घालायचे, पुन्हा निघायचे. 1872 साली त्याने चालू एंजिनाला आपोआप तेल पुरविणाऱ्या भांड्याचे पेटंट घेतले. तेलाचे काम ज्याच्या अंगावर पडले, त्यालाच त्यातली खोच सापडली.

आता हा ट्रॉम्बोन साध्या माणसाच्या हाती कसा आला, ते पाहू. एकोणिसाव्या शतकात पितळी वाद्ये कारखान्यात होऊ लागली आणि स्वस्त झाली. उत्तर इंग्लंडातील गिरण्यांत आणि खाणींत कामगारांचे बँड निघाले. यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डजवळ क्वीन्सबरी येथे ब्लॅक डाइक नावाची लोकरीची गिरणी होती. तिचा बँड 1855 साली उभा राहिला, तो आजही वाजतो आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत 1853 पासून बँडांच्या चढाओढी होऊ लागल्या. या बँडांत कॉर्नेटपासून युफोनियमपर्यंत सारी वाद्ये कळांची. सरकत्या नळीचे वाद्य एकच, ट्रॉम्बोन. त्यातही खर्ज ट्रॉम्बोनची नळी इतकी लांब की माणसाचा हात शेवटपर्यंत पुरेना. म्हणून तिला एक मूठ जोडलेली असे आणि ती धरून नळी ढकलावी लागे.

पण वाद्य स्वस्त झाले म्हणजे माणूस वादक होतो असे नाही. त्याला वेळ लागतो. 1850 च्या फॅक्टरी कायद्याने इंग्लंडातील कापड गिरण्यांत बायका आणि पोरे यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबविले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसे, तेव्हा पुरुषांचेही काम बहुधा थांबे. बँडाच्या तालमी आणि चढाओढी यांना त्या शनिवारच्या दुपारीने जागा करून दिली. आपल्याकडे मुंबईत कावसजी दावरांची पहिली कापड गिरणी 1854 साली स्थापन झाली, म्हणजे जवळजवळ त्याच काळात. तिच्या पाठोपाठ निघालेल्या गिरण्यांत यंत्रे येत ती लँकेशायरचीच. चाती तीच, तेल तेच. मात्र मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी मिळायला 1890 साल उजाडावे लागले, आणि तीही नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मिळविली. शनिवारची दुपार दूरच राहिली.

वंगणाच्या कथेतला पुढचा टप्पा स्वयंपाकघराच्या नव्हे, तर आरशापुढच्या फळीवरचा आहे. पातळ तेल नळीला चालते, परंतु त्याचे दोन दोष आहेत. एक म्हणजे, कितीही पातळ केले तरी हलके यंत्रतेल पाण्याच्या दहा-वीस पट घट्ट असते. दुसरा असा की, वादकाच्या फुंकरीबरोबर नळीत वाफ आणि थुंकी जाते. ती तेलात मिसळली की काळसर चिकटा होतो. मग वादकांनी विचार केला, पाणी जर नळीत येणारच, तर पाण्यालाच कामाला का लावू नये? पाण्याइतके पातळ दुसरे काय आहे? परंतु नुसते पाणी धातूला धरून राहत नाही, आणि पितळ पाण्याने कळकते. त्यावर तोड निघाली ती कोल्ड क्रीमची.

कोल्ड क्रीम हा प्रकार फार जुना आहे. मेण, तेल आणि पाणी घोटून केलेल्या या लेपाचे श्रेय दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याला देतात. कातडीवर लावले की त्यातले पाणी उडते आणि गार वाटते, म्हणून ते नाव. विसाव्या शतकात पॉन्ड्सची बाटली घरोघरी गेली, आणि ट्रॉम्बोन वाजविणाऱ्या अनेकांनी बायकोच्या बाटलीतले क्रीम आपल्या नळीला लावून पाहिले. मोज्याच्या भागावर क्रीमचा अगदी पातळ हात, आणि वरून पाण्याचा फवारा. नळी अशी चालू लागली की, हात लावण्याआधीच सरकावी.

असे का होते? वादक सांगतात की, क्रीमवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात आणि नळी त्यांवरून छऱ्यांवरून सरकावी तशी सरकते. दृष्टान्त गोड आहे, पण मला तो पटत नाही. इतक्या अरुंद फटीत पाण्याचा थेंब गोळी होऊन राहणार नाही. त्याचा पापुद्रा होईल. खरी गोष्ट टॉवरच्या आणि हार्डीच्या प्रयोगांतून समजते. नळी चालू असताना पाण्याचा पापुद्रा तिला तोलून धरतो, आणि पाणी पातळ म्हणून जोर थोडा लागतो. पण ट्रॉम्बोनची नळी आगगाडीच्या आसासारखी सतत एकाच दिशेने फिरत नाही. ती क्षणोक्षणी थांबते आणि उलटते. थांबली की पापुद्रा फाटतो आणि धातू धातूला भिडू पाहतो. त्या क्षणी कामाला येतो तो धातूला घट्ट चिकटलेला मेणाचा आणि स्निग्ध द्रव्याचा थर. विल्यम बेट हार्डी या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने, जो मूळचा जीवशास्त्रज्ञ होता, 1920 नंतरच्या काही वर्षांत ईडा डबलडे या सहकारिणीबरोबर नेमक्या अशा थरांचा अभ्यास केला. कण जितका लांब साखळीचा, तितके रक्षण अधिक, असे त्यांना दिसले. तेव्हा क्रीम थांबण्यासाठी आणि पाणी चालण्यासाठी, अशी ही वाटणी आहे.

आता लावावे कसे, ते सांगतो. कारण निवड चुकण्यापेक्षा लावणे चुकल्याने अधिक नळ्या अडतात. प्रथम जुने सगळे काढावे. कोमट पाणी, थोडा साबण, आणि सळईला गुंडाळलेले स्वच्छ सुती फडके. बाहेरची नळी आतून पुसताना तिचे वाकण धरू नये. जी बाजू पुसायची तीच हातात धरावी, नाही तर दोन्ही भुजा पिळवटतात. मग तांदळाच्या दाण्याएवढे क्रीम प्रत्येक मोज्यावर बोटाने चोळावे, नळी चार-सहा वेळा सरकवावी, आणि वर गोळा झालेले पांढरे पुसून टाकावे. शेवटी पाण्याचा बारीक फवारा. नवशिका नेहमी क्रीम जास्त लावतो. जास्त क्रीम म्हणजे जास्त वंगण नव्हे. ते फट भरून टाकते आणि पाण्याला जागाच ठेवत नाही. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात पाणी लवकर उडते, तेव्हा फवारा पुन्हापुन्हा मारावा लागतो, क्रीम मात्र पुन्हा लावावे लागत नाही.

त्याच वाद्यावर दुसरी एक नळी असते, सूर जुळविण्याची. ती एकदा बसविली की जागची हलता कामा नये. तिला हे पातळ वंगण लावले तर ती वाजवतानाच घसरेल. तिला लोकरीच्या चरबीसारखे घट्ट ग्रीस लागते. आणि 1839 साली लाइपझिगच्या सॅटलरने ज्या ट्रॉम्बोनला एक फिरती कळ बसविली, त्या जातीच्या वाद्याला तिसरे, कळेचे तेल लागते. हातभर वाद्य आणि त्याला तीन वंगणे! कळेचे तेल ओघळून नळीच्या क्रीमवर गेले की क्रीम धुऊन निघते, याचीही काळजी घ्यावी लागते.

आमच्या युनियनमध्ये मूळचा गोव्याचा एक सहकारी होता. त्याच्या वाडवडिलांनी चर्चच्या शाळेत सूर शिकून मुंबई गाठली. सिनेमाच्या स्टुडिओतील वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा केवढा वाटा होता, हे आपण जाणताच. आपल्या लग्नाच्या बँडांत क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम यांचेच राज्य. सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन मी प्रथम जवळून पाहिला तो त्याच्या घरी. त्याच्या नळीवर गुलाबी डाग पडले होते. पितळेतले जस्त खाल्ले जाऊन तांबे उरते, त्याची ती खूण. तो म्हणाला, "हे वंगणाने बरे व्हायचे नाही, आणि पोचा आला असेल तर तोही वंगणाने झाकायचा नाही. आधी नळी सरळ करायची, मग क्रीम." मी त्याला म्हटले, हे वाक्य आमच्या व्यवस्थापकांना लिहून पाठव.

पुढे यंत्रविद्येने आणखी भर घातली. 1920 नंतरच्या दशकात क्रोमियमचा मुलामा कारखान्यात देता येऊ लागला, आणि पुढे आतल्या नळ्यांना तो बसला. तो कठीण आणि गुळगुळीत. 1943 साली डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली आणि सिलिकोन तेले बाजारात आली. आज क्रीम व पाणी यांच्याऐवजी बाटलीतून दोन थेंब टाकावे असे तयार द्रावण मिळते. जुने वादक अजूनही क्रीमच बरे म्हणतात, तरुण बाटली घेतात. मला विचाराल तर, ज्याचा हात ज्यावर बसला त्याने ते वापरावे. मात्र दोन्ही एकावर एक लावू नयेत. या साऱ्या विद्येला, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासाला, शास्त्राचे नाव मिळाले ते 1966 साली, ब्रिटिश सरकारने नेमलेल्या पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालात. ट्रायबॉलॉजी हे ते नाव. वंगणाकडे दुर्लक्ष केल्याने देशाचे किती कोटी वाया जातात, याचा त्या अहवालात हिशोब होता. तेलवाल्याची किंमत प्रथमच पौंडांत मांडली गेली.

यॉर्कशायरमध्ये ग्राइमथॉर्प येथील कोळशाच्या खाणीचा बँड 1917 साली निघाला. ऑक्टोबर 1992 मध्ये सरकारी कोळसा कंपनीने एकतीस खाणी बंद करण्याचे जाहीर केले, त्यांत ग्राइमथॉर्प होती. त्यानंतर काही दिवसांतच लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये हा बँड देशाच्या चढाओढीत पहिला आला. पुढच्या वर्षी खाण बंद पडली. बँड चालू आहे.

मोठ्या वाद्यवृंदातील ट्रॉम्बोनवाल्यांची गंमत निराळीच असते. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी 1808 साली व्हिएन्नात प्रथम झाली. तीत ट्रॉम्बोन वाजतात ते फक्त शेवटच्या भागात. ब्राम्सने 1876 साली आपल्या पहिल्या सिम्फनीत तेच केले. तीन भाग होईपर्यंत, म्हणजे अर्धा तास तरी, तिघे ट्रॉम्बोनवाले हात बांधून बसलेले. नळीवरचे पाणी तोवर उडून जाते. आणि मग चौथ्या भागाच्या आरंभीच त्यांना वाजवायचे असते ते अगदी हळुवार, प्रार्थनेसारखे, एकही सूर न हिसकता. बेथोव्हेनच्या काळी फवाऱ्याची बाटली नव्हती. आज असते, ती खुर्चीखाली ठेवलेली असते. चौथा भाग सुरू होण्याच्या बेतात तिघेही एकेक करून वाकतात, नळीवर फवारा मारतात, आवाज न करता ती दोनदा खाली-वर करून पाहतात आणि वाद्य ओठाला लावतात.